वाऱ्याच्या बाहीचं अस्तर

कफनाला टाका नसतो, हे मला परवा कळलं, चाचा.

तुमच्या ओसरीवर आम्ही बाहेरची माणसं उभी होतो. आत कापड फाडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत होतो की आता मशीन वाजेल. शेजारच्या मौलवींना हळूच विचारलं, तर ते म्हणाले, "बेटा, उसको सिलाई नहीं होती. वैसाच लपेटते." मी मान हलवली. पण ते काही मनाला पटेना. सगळ्या हिंगोलीचे कपडे शिवलेल्या माणसाच्या अंगावर शेवटचा कपडा बिनशिलाईचा. पौषाची थंडी होती. मी तुमच्याच हातची शेरवानी घालून आलो होतो, आतून मऊ अस्तर असलेली. तुमच्या दारात उभं राहून मला त्या उबेची लाज वाटत होती.

खांदा दिला, माती दिली, घरी आलो. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतो आहे. बोलतो कसला, भांडतो आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि उरलेलं अर्धं आता मला एकट्यालाच पुरं करायचं आहे.

त्या शेरवानीपासूनच सुरू करतो. सेनगावकडच्या एका सालगड्याचा पोरगा हिंगोलीत शिकायला आला आणि तुमच्या दुकानाच्या फळीवर झोपू लागला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "झोप. पन मशीनला पाय लावू नको." पुढे मी हैदराबादला कॉलेजात निघालो. तिथे शेरवानीशिवाय वर्गात बसू देत नाहीत, हे तुम्हीच कुठून तरी ऐकून आलात. कापड कुठल्या तरी वकिलाच्या जुन्या शेरवानीचं होतं, उलटं करून शिवलेलं. पण अस्तर चाचींच्या लुगड्याचं होतं. मी म्हणालो, "चाचा, आत कोण बघतंय? कशाला एवढा खटाटोप?" तुम्ही दातात दोरा धरून म्हणालात, "नारबा, वरचं कापड लोकायसाठी. अस्तर आंगासाठी." आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथी पाहिली नव्हती. मी बी.ए. झालो. त्या पदवीत माझ्या आईचा उपास आहे, आणि चाचींचं लुगडं आहे. हे मी कधी विसरलो असेन, असं तुम्हाला वाटलं का?

वाटलं असेल. तेच मला आत टोचतं.

बी.ए. होऊन आलो आणि सरकारने मला जुन्या छावणीमागच्या मैदानावर नेमलं. हैदराबादहून उत्तरेकडे टपाल घेऊन जाणाऱ्या विमानाला वाटेत अडचण आली, तर उतरायला जागा असावी, म्हणून ते मैदान. गवत कापलेलं ठेवायचं, गुरं येऊ द्यायची नाहीत, मधला चुन्याचा गोल पांढरा ठेवायचा, आणि रोज सकाळी आभाळ कसं आहे, वारा कुठला आहे, हे तारेने कळवायचं. हाताखाली किसन चौकीदार. आणि एका उंच खांबावर ती कापडाची लांब पिशवी, दोन्ही तोंडं उघडी असलेली. वारा एका तोंडातून शिरतो, पिशवी फुगून आडवी होते, आणि वरून येणाऱ्याला कळतं की वारा कुठून कुठे चालला आहे. तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा हसलात. "अरे, ही तं बाही हाय! सदरा कुठं गेला हिचा?" तेव्हापासून सगळं गाव तिला वाऱ्याची बाही म्हणू लागलं. मी दुकानावरून मैदानाकडे निघालो की तुम्ही मशीन न थांबवता विचारायचात, "नारबा, आज हवा किदर की?" मी सांगायचो. तुम्हाला त्या हवेचं काही करायचं नसायचं. तरी विचारायचात.

पहिलं विमान उतरलं तो दिवस आठवतो का? इंजिनाचा आवाज बरा वाटेना म्हणून टपालाचे वैमानिक फ्रामजी साहेब खाली आले होते. गाव लोटलं. लोक नाकावरच्या पंख्याजवळ, चाकांजवळ गर्दी करत होते. तुम्ही एकटे पंखाखाली वाकून उभे होतात. बोटाने चाचपत चाचपत एकदम ओरडलात, "हे शिवलेलं हाय!" खरंच, पंख लाकडी फासळ्यांवर ताणलेल्या कापडाचे होते, आणि ते कापड फासळीला दोऱ्याने टाचलेलं होतं. फ्रामजींनी कौतुकाने तुम्हाला टाके दाखवले, वरून चढवलेलं घट्ट रोगण दाखवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि काळजीने विचारलंत, "साहब, अस्तर नहीं?"

"नहीं चाचा. वजन बढ़ जाएगा."

"फिर भी," तुम्ही म्हणालात, "इतने ऊपर. ठंड होगी."

फ्रामजी पोट धरून हसले. त्या दिवसापासून बाजारात तुमचा भाव वाढला. जवळा बाजारचे लोक आठवडी बाजाराला येऊन तुम्हाला विचारायचे, "चाचा, इमान दर्जी शिवतो म्हंतात, खरं हाय का?" आणि तुम्ही सुई टोपीला टोचून मान डोलवायचात, जणू सगळी विमानं तुमच्याच गल्लीतून निघतात.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की फ्रामजी निघण्याआधी काय करतात. ते आपल्या यंत्राभोवती पूर्ण फेरी मारतात. चाक हाताने दाबून बघतात, पंखाची दोरी ओढून बघतात, तेल बोटाला लावून बघतात. आत बसल्यावर एकेका घड्याळाकडे बोट दाखवून त्याचं नाव मोठ्याने घेतात: उंचीचं, तेलाचं, दिशेचं. मी विचारलं, "रोज तेच यंत्र, मग रोज कशाला?" ते म्हणाले, "कालचं कालपुरतं होतं." मला ते फार आवडलं. तुम्हालाही आवडलं होतं. तुम्हीही कपडा देण्याआधी उलटा करून शिवण खिडकीच्या उजेडात धरायचात. मला वाटायचं, तुम्ही दोघं एकाच जातीची माणसं आहात.

त्या पावसाळ्यात, पोळ्यानंतर, माझ्या बहिणीचं बाळंतपण अवघड झालं म्हणून मी रजा घेऊन तिच्या सासरी गेलो. मागे वादळात बाही फाटली. नवी हैदराबादहून यायची, ती काही आली नव्हती. किसनने विचार केला, मैदान उघडं कसं ठेवायचं? तो फाटकी बाही घेऊन तुमच्याकडे आला. तुम्ही तीन कामं बाजूला सारलीत. किसन मला नंतर सांगत होता, "मालक, चाचानं पैसे घेतले न्हाईत. म्हनले, सरकारचं न्हाई, आपल्या नारबाचं काम हाय." तुम्ही तीच मापं घेतलीत, तोच लाल पट्टा लावलात. आणि पुन्हा फाटू नये म्हणून आतून जाड मांजरपाटाचं अस्तर लावलंत.

त्या बाहीसारखं काम मी आजवर पाहिलं नाही, चाचा. एक टाका वाकडा नव्हता.

मी परत आलो तो दिवस. आगगाडीतून उतरलो तर स्टेशनावर माणूस नाही. हमाल म्हणाला, "इमान पडलं ना मैदानात, समदे तिकडंच." मी पळत सुटलो. मैदानाच्या टोकाला बांध ओलांडून तुरीच्या वावरात विमान नाकावर उभं होतं, शेपूट आभाळात. टपालाबरोबर विमानातून आलेले, कापसाचा धंदा करणारे एक शेठजी हात पोटाशी धरून कण्हत होते. त्यांचं हाड मोडलं होतं. फ्रामजींच्या कपाळातून रक्त वाहत होतं. पण जीव कुणाचा गेला नव्हता. आणि त्या गर्दीत तुम्ही माझा दंड धरून वर बोट दाखवलंत. तुमचा चेहरा काळजीने भरलेला होता, पण डोळ्यात थोडा अभिमानही होता. "नारबा, एवढं झालं, पन आपली बाही बघ. कशी शाबूत हाय."

मी वर पाहिलं. माझ्या कानाला पश्चिमेचा वारा लागत होता. वावरातली तूर वाकत होती. आणि बाही खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत होती.

रुमाल कपाळावर दाबून फ्रामजींनी बाही उतरवायला सांगितली. ओलं कापड बोटांत चोळलं. दोन पदर. रात्रीचा पाऊस अस्तराने पिऊन ठेवला होता. मग त्यांनी किसनला जुनी फाटकी बाही आणायला लावली, बांबूला बांधली, आणि दोन्ही शेजारी शेजारी उंच केल्या. फाटकी बाही क्षणात फुगून आडवी झाली. नवी हललीसुद्धा नाही. किसन एवढंच म्हणाला, "आगं माय." मी तुमच्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. मला वाटलं, नाही पाहिलं तर तुम्हाला बरं वाटेल.

त्या रात्री फ्रामजींनी मला सगळं समजावलं. तेलाचा काटा खाली येत होता म्हणून ते उतरायला निघाले. बाही लोंबलेली दिसली, म्हणजे वारा नाही असं धरलं आणि समोरून सरळ आले. वारा पाठीमागून होता. पाठीवर वारा घेऊन उतरलं की यंत्र थांबता थांबत नाही. मैदान संपलं तरी ते धावतच होतं. "पण पहिली चूक माझी," ते म्हणाले. "एक फेरी मारायला हवी होती. गुरांची तोंडं कुठे आहेत, झाडं कुठे वाकतात, ते बघायला हवं होतं. मी एकाच साक्षीदाराचं ऐकलं." दुसरा साक्षीदार म्हणजे धूर. विमान दिसलं की किसनने ओलं गवत जाळून धूर करायचा असतो. त्या दिवशी गवत पेटलंच नव्हतं.

तेलाचा काटा, न मारलेली फेरी, न पेटलेला धूर, आणि अस्तर. सगळं एका रांगेत आलं म्हणून विमान बांधापलीकडे गेलं. एकही गोष्ट रांगेतून बाहेर असती तर ते गेलं नसतं. हे मी तुम्हाला सांगायला आलो होतो, चाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तुम्ही मला आत घेतलंत, चहा पाजलात, बहिणीची चौकशी केलीत. "पोरगा झाला का पोरगी?" पोरगी म्हटल्यावर म्हणालात, "झबलं शिवतो." मग पावसाचं बोललात, किसनच्या म्हशीचं बोललात. मी चार वेळा तोंड उघडलं, आणि चारही वेळा तुम्ही दुसरंच काही काढलंत. मी समजलो की तुम्हाला तो विषय नको आहे. मी उठलो.

चौकशीचे साहेब हैदराबादहून यायचे होते, तोवर गावाने आपलं ठरवून टाकलं होतं. कचेरीतले पेशकार मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजिनावर टाका ना सगळं. इंजिनाला काय लाज असते?" किसन म्हणाला, "चाचाचं नाव निघालं तर गाव त्यायला जगू देनार न्हाई." आणि चाची आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "बेटा, वो रात को सोते नहीं. तू मत बोल. तेरे बोलनेसे हड्डी जुड़ जाएगी क्या सेठ की?"

मी त्यांना काय सांगणार होतो? त्यांच्या लुगड्याचं अस्तर माझ्या अंगावर होतं.

मी फ्रामजींकडे गेलो. हात जोडले. म्हणालो, बाकीचं सगळं सांगा, अस्तर तेवढं सोडा. ते म्हणाले, "असं मैदान तुमचं एकट्याचंच आहे का? या वाटेवर कितीतरी आहेत. प्रत्येक ठिकाणी पावसाळ्यात बाही फाटते. आणि प्रत्येक गावात एक चांगला दर्जी असतो. वाईट दर्ज्याची मला भीती नाही, तो ठिगळ लावून देईल. चांगला दर्जी अस्तर लावेल." मग म्हणाले, "आज आपण गप्प बसलो तर पुढचं विमान जिथे पडेल तिथे आपणच त्याला पाडलं असं होईल. आम्ही आकाशात जिवंत कशामुळे आहोत, सांगू? आमच्या आधी जे पडले त्यांनी काय चुकलं ते सांगून ठेवलं म्हणून. आणि जे सांगायला उरले नाहीत त्यांचं दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून."

चौकशीच्या दिवशी डाकबंगल्यात सगळ्यांसमोर फ्रामजींनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग किसनच्या धुराचं झालं. मग साहेबांनी मला विचारलं, बाहीत फरक काय होता? तुम्ही खिडकीपाशी बसला होतात, टोपी मांडीवर घेऊन. मी सांगितलं: अस्तर. कुणी लावलं, तेही सांगितलं. कशासाठी लावलं, तेही सांगितलं. मायेने लावलं, असंच म्हणालो. साहेब भले होते. ते तुम्हाला एक शब्दही टाकून बोलले नाहीत. "काम उमदा है," असंच म्हणाले. कुणाला शिक्षा झाली नाही. सगळ्या मैदानांना हुकूम गेला की बाही एकपदरी, पातळ कापडाचीच असावी, वर चढवण्याआधी वाऱ्यात धरून बघावी, आणि विमान उतरताना धूर असावाच.

शिक्षा बाजाराने दिली. मी माझ्या कानांनी ऐकलंय. "चाचा, माझ्या पैजाम्याला अस्तर नको बरं, पडून जाईन!" "इमान पाडून झालं, आता आगगाडीचं माप घेता का?" शेठजींचे दिवाणजी कापड परत घेऊन गेले. तुम्ही कुणाला उलट बोलला नाहीत. फ्रामजी कपाळाला पट्टी बांधून भर बाजारात तुमच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चाचा, पंख फाटला आहे. मिस्त्री आलाय, पण मला टाके तुमच्या हातचे हवेत." मला वाटलं, आता सगळं मिटलं. सगळी गल्ली ऐकत होती. तुम्ही उठून सलाम केलात आणि म्हणालात, "माफी करा साहब. आता माजी सुई इमानाला लागायची न्हाई." फ्रामजी टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग गेले.

आणि तुम्ही अस्तर लावणं सोडलंत. कुणाच्याच कपड्याला नाही. थंडीत शेरवानी शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचात, "अस्तर मना हाय. सरकारचा हुकूम." लोक हसायचे. मला ते ऐकवत नव्हतं. एकदा मी चिडून म्हणालो, "चाचा, तो हुकूम बाहीचा आहे, माणसांचा नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आमी काय जानावं साहेब? तुमी शिकलेले. इचारून सांगा तुमच्या मोठ्या साहेबाला, लावू का नको." मला साहेब म्हणालात. मी त्या दुकानाच्या फळीवर झोपून मोठा झालो होतो.

रोज सकाळी मी दुकानावरून जायचो. मशीन चालू असायचं. हवा किदर की, हे तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत.

मागच्या वर्षी फ्रामजी पुन्हा उतरले आणि मी जी बातमी ऐकली ती घेऊन तुमच्याकडे धावत आलो. गोदावरीपलीकडच्या एका मैदानावर अगदी हेच झालं होतं. बाही फाटली, गावच्या दर्ज्याने दुपदरी शिवली. पण हुकूम होता म्हणून तिथल्या माणसाने ती आधी वाऱ्यात धरून पाहिली, आणि चढवलीच नाही. त्याच आठवड्यात तिथे सोसाट्याच्या वाऱ्यात टपालाचं विमान उतरलं. सुखरूप. मी धापा टाकत म्हणालो, "चाचा, तुमच्यामुळे! तुमचं झालं म्हणून त्यांचं वाचलं!"

तुम्ही मशीन थांबवलंत. खूप दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलंत. "त्या दर्ज्याचं नाव काय?"

"माहीत नाही."

"त्याला कुनी सांगितलं, अस्तर चुकलं म्हनून?"

"तिथल्या कारकुनाने सांगितलं असेल."

"कुठं सांगितलं? चौघात का घरात?"

तुम्ही पुन्हा पायडलवर पाय ठेवलात. "खरं बोललास ते बराबरच हाय," तुम्ही म्हणालात. "माजं भांडन खऱ्याशी न्हाई."

एवढंच. दुकानात गिऱ्हाईक आलं.

त्याच दिवसाचा वाद आता मी तुमच्याशी घालतो आहे. चाचा, मी आलो होतो. तुमच्याच घरात, तुमच्याच चटईवर बसलो होतो. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, झबल्याचं बोलत राहिलात. तुम्ही म्हणाल, लेकरू बोलायला लाजत असलं तर मोठ्या माणसाने का बोलावं? मी म्हणेन, मोठा माणूस दुखावलेला असला तर लेकराने कसं बोलावं? असं आपलं चाललं असतं, दुपार टळेपर्यंत. तुम्ही असतात तर कुणीतरी हरलं असतं. आता कुणीच हरत नाही, हे फार वाईट आहे.

विलायतेत लढाई सुरू झाली, टपालाच्या विमानाचा भरवसा राहिला नाही, कधी येतं कधी येत नाही. तुमचा दमा या थंडीत वाढला. शेवटी मी आलो तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. चाचींनी उठवून बसवलं. त्या दिवशी मी बाही धुवायला उतरवली होती आणि ती माझ्या खांद्यावर होती. तुम्ही हात पुढे केलात. मी दिली. तुम्ही ते कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून, डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत चाचपत गेलात. मला वाटलं, आता काहीतरी कडू बोलाल, आणि मी ते ऐकायला तयार होतो.

"किती पातळ रे," तुम्ही म्हणालात. "थंडी वाजत असंल हिला."

मला हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी बाही घडी करून घेतली. चाची चहा ठेवायला गेल्या. तुम्ही झोपलात. याला माफी म्हणायचं का, चाचा? की ही तुमची जुनीच तक्रार होती, पहिल्या दिवशी पंखाखाली केलेली? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करतो. कधी वाटतं, साहेब म्हणाला नाहीत म्हणजे मिटलं. कधी वाटतं, त्या वेळी तुम्हाला मी कोण हेसुद्धा उमगलं नसेल.

कालचं एक सांगायचं राहिलं. सकाळी मैदानावर गेलो तर ज्या टोकाकडून विमान येतं तिथे किसनने तुरीच्या पेंढ्यांची गंज रचून ठेवली होती, माणसाच्या डोक्याच्या वर. त्याचा दोष नाही, विमान यायचंच बंद झालंय असं तो समजला. हे कळवणं माझं काम आहे. कचेरीत बसून तार लिहायला घेतली होती. लिहिता लिहिता थांबलो. उठून कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावरच्या किसनच्या घरी गेलो. त्याची बायको गोवऱ्या थापत होती. किसनने घोंगडी टाकली. तो म्हशीचं बोलायला लागला, मग पोराच्या तापाचं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, "किसन, थांब. मला बोलू दे. आधी तुला सांगतो, मग वर कळवतो. गंज चुकीच्या जागी आहे."

"कळवतासा म्हंता?"

"कळवणार. नाही कळवलं तर दुसऱ्या मैदानावरचा किसन पण रचेल."

तो म्हणाला, "चाचाचं बी आसंच घरात सांगितलं असतं तर..." दुपारी त्याने गंज हलवली. जाताना म्हणाला, "नाव घाला माजं. घरात आईकलं, आता चौघात आईकायला काय न्हाई."

म्हणजे तुमची बाजू मी ऐकली, चाचा. फ्रामजींची सोडलेली नाही. सांगायचं तर आहेच. ते सोडलं तर मी त्या मैदानावर उभा राहायच्या लायकीचा नाही. पण सांगायला आधी कुणाच्या दारात जायचं, हे तुम्ही शिकवलंत. फार महाग शिकवलंत. आणि एवढं करूनही मला समाधान नाही, कारण किसनला जे मिळालं ते तुम्हाला मिळायला हवं होतं.

आज सकाळी तुमच्या दुकानावरून गेलो. फळी लावलेली होती. सवयीने पाय हळू झाले. आत मशीन नाही, खोकला नाही, कुणाचं माप नाही. पुढे गेलो. मैदानावर किसनने धूर केला होता, नुसता, बघायला. धूर आणि बाही दोघंही एकाच दिशेला झुकले होते. दोन्ही साक्षीदार एकच सांगत होते. बाही पुरती भरून ताणली होती, त्या पातळ कापडातून पलीकडचा उजेड दिसत होता, आणि मला तुमच्यासारखंच वाटलं की हिला थंडी वाजत असेल.

हवा आज उगवतीची आहे, चाचा. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो.